आधी विचारा, मग पाठवा

फेस्टला चार दिवस राहिले होते. एका बाहेरगावच्या कॉलेजच्या एकांकिकेच्या टीमला फोन लावला, तर पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "तुमच्याकडून काहीच कळलं नाही, म्हणून आम्ही दुसरीकडे एंट्री दिली." आम्ही तर मेल केला होता! तारीख, स्लॉट, रिपोर्टिंगची वेळ, सगळं त्यात होतं. फोन चालू असतानाच त्या मुलीने शोधलं. मेल स्पॅममध्ये पडला होता.

दोन महिने तालीम केलेली ती टीम आमच्या स्टेजवर आलीच नाही. चूक कोणाची? गूगलची, असं आम्ही तेव्हा ठामपणे म्हणालो. आज मला तसं वाटत नाही.

त्याआधीच्या काही आठवड्यांत आम्ही काय केलं होतं ते सांगतो. गेल्या वर्षीची रजिस्ट्रेशन्स, एका वर्कशॉपची हजेरी, कोणाच्या तरी वर्गाची यादी, असे मिळतील तिथून दोन हजारांवर पत्ते जमवले. साध्या जीमेल अकाउंटवरून दिवसाला ५०० जणांनाच मेल जातात, म्हणून रोज थोडे थोडे करत सगळ्यांना बीसीसीमध्ये टाकून फेस्टची जाहिरात पाठवली. एकदा नाही, तीनदा. आणि त्याच अकाउंटवरून स्पर्धकांना कन्फर्मेशनही पाठवलं.

मेल पोचत नाहीत हे लक्षात आल्यावर आमची मीटिंग बसली. 'फ्री' शब्द काढा, उद्गारचिन्हं कमी करा, सब्जेक्टमध्ये इमोजी नको, असे सल्ले आले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! शब्दांचा परिणाम अजिबात होत नाही असं नाही. पण आजचे फिल्टर त्याहून जास्त बघतात ते पाठवणारा कोण आहे, त्याचं आजवरचं वागणं कसं आहे आणि लोक त्याच्या मेलचं काय करतात. आमच्या जाहिरातीला कंटाळून ज्यांनी ज्यांनी 'रिपोर्ट स्पॅम' दाबलं, त्या प्रत्येकाने आमच्याविरुद्ध एक मत नोंदवलं. ती पत एकदा घसरली की जाहिरातीबरोबर कामाचा मेलही बुडतो.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजार किंवा जास्त मेल पाठवणाऱ्याकडे तीन गोष्टी हव्यातच. एसपीएफ, म्हणजे आमच्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी. डीकेआयएम, म्हणजे मेलवरची डिजिटल सही. आणि डीमार्क, म्हणजे ही तपासणी फसली तर त्या मेलचं काय करायचं याची सूचना. शिवाय जाहिरातीच्या मेलमधून एका क्लिकमध्ये बाहेर पडता आलं पाहिजे आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत राहिल्या पाहिजेत. म्हणजे हजार मेलमागे तीनसुद्धा नाहीत. हजारामागे एकाच्याही आत राहा, असं गूगलच सुचवतं.

आपण पाच हजार मेल कुठे पाठवतो, असं तुम्ही म्हणाल. खरंय. पण डोमेनची ओळख पटवणं छोट्या पाठवणाऱ्यालाही चुकलेलं नाही आणि लोकांचा वैताग तर सगळ्यांसाठी सारखाच मोजला जातो. ओळखपत्र खरं असलं म्हणून कोणी न बोलावता घरात घेत नाही.

जगातला पहिला स्पॅम म्हणून ज्याची नोंद होते, तोही एक निमंत्रणाचाच मेल होता बरं का! ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना आपल्या कम्प्युटरच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण धाडलं. तक्रारींचा पाऊस पडला. कार्यक्रम वाईट नव्हता, फक्त कोणी मागितलं नव्हतं.

मार्केटिंगवाले मित्र म्हणतात, "परवानगी मागत बसलो तर लिस्ट दोनशेवर येईल." येऊ दे की! ज्यांना यायचंच आहे असे दोनशे जण दोन हजार त्रासलेल्यांपेक्षा कधीही बरे. आणि हा फक्त सोयीचा प्रश्न नाही. सर्टिफिकेटसाठी दिलेला ईमेल सर्टिफिकेटसाठीच असतो. आपल्या २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्याचंही तत्त्व हेच आहे: संमती ज्या कामासाठी, माहिती त्याच कामासाठी, आणि संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती काढून घेणंही.

त्यामुळे यंदा फेस्टच्या टीममध्ये असाल तर एवढं करा. फॉर्ममध्ये 'मला अपडेट्स हवेत' असा वेगळा चौकोन ठेवा, आधीच टिक न केलेला. मेल कॉलेजच्या डोमेनवरून पाठवा आणि ते तीन सेटिंग्ज आहेत का, हे कम्प्युटर लॅबच्या सरांना विचारा. जाहिरात आणि कन्फर्मेशन वेगवेगळ्या पत्त्यांवरून जाऊ द्या. 'नको' म्हणणाऱ्याचं नाव त्याच दिवशी काढा. आणि स्पर्धकांना एक फोन कराच, चार दिवस आधी नाही, दोन आठवडे आधी.

मेल घेणारे म्हणूनही थोडं आपल्याकडे आहे. स्वतःच नाव नोंदवलेल्या ठिकाणचा कंटाळा आला तर 'अनसबस्क्राइब' करा. 'स्पॅम' अनोळखी आणि फसव्या मेलसाठी ठेवा. इंटर्नशिपचा अर्ज केला असेल तर स्पॅम फोल्डर रोज उघडा.

आमच्या फेस्टमध्ये त्या टीमचा स्लॉट रिकामाच गेला. अँकरने कशीबशी वेळ मारून नेली. प्रेक्षकांना कळलंही नाही, पण विंगेत उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना ती वेळ फार लांबलचक वाटली.