पाइप आतून कसा आहे, हे कोण सांगणार?

आमच्या बांधालगत गॅसची लाइन गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. वर पाटी, 'खोदकाम करू नये'. मोबदल्यासाठी सगळे भांडले, मीही भांडलो. पण पाइप आतून कसा आहे हे आजवर एकानेही विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

विचारायला हवं होतं. आंध्रात नगरम नावाचं गाव आहे, 2014 साली ते पूर्व गोदावरी जिल्ह्यात होतं. 27 जून 2014 च्या पहाटे तिथे गेल कंपनीची लाइन फुटली, आगीत वीसच्या आसपास माणसं गेली. चौकशीत निघालं की लाइन कोरड्या गॅससाठी होती आणि तिच्यातून जात होता पाण्याचा अंश असलेला ओला गॅस. पाइप आतून गंजला होता.

आपल्याला वाटतं, लोखंड जमिनीत आहे म्हणजे ते मातीनेच गंजणार. त्यासाठी बाहेरून लेप असतो, शिवाय पाइपला थोडा वीजप्रवाह देऊन ठेवतात. बांधावर जो छोटा खांब दिसतो ना, तिथे त्याचं व्होल्टेज मोजतात. अधूनमधून माणूस येतो, मीटर लावतो, जातो. पण हा सगळा बंदोबस्त बाहेरचा. आत पाणी आणि कार्बन डायऑक्साइड एकत्र आले की सौम्य आम्ल तयार होतं, ते सखल जागी तळाला साचतं आणि पोलाद पोखरत बसतं. खांबावरचा आकडा ठणठणीत, आणि आत भिंत पातळ होतेय!

आतलं बघायला पाइपातून 'पिग' सोडतात. (हो, डुक्कर. नाव कुणी ठेवलं देव जाणे.) गॅसच्या दाबाने पुढे सरकत तो चुंबकाच्या मदतीने भिंत तपासतो, कुठे किती झीज झाली ते नोंदवतो. काही जुन्या लाइनींत तो जाऊ शकत नाही. धातूची पट्टी आत ठेवून काही महिन्यांनी तिचं वजन किती घटलं, हेही बघता येतं. म्हणजे उपाय आहेत, नवे शोधायचे नाहीत.

माझं म्हणणं एवढंच की शेवटचा पिग कधी सोडला, झीज कुठे निघाली, दुरुस्ती झाली का, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागलं पाहिजे. सुरक्षेचं कारण सांगतील. अहो, पाइप कुठून जातो ते तर तुमच्याच पाट्या सांगतात! मग लपवायचं काय?

येत्या ग्रामसभेत मी हा विषय मांडतोय. ज्यांच्या रानातून लाइन गेलीय त्यांनी या. मोबदल्याच्या बैठकीला आला होतात, तसेच.