नाव द्यावे, नावे ठेवू नयेत

दिवाळीच्या दिवसांत घरातल्या पुरुषमाणसाला काही काम नसते, असा बायकांचा एक समज आहे. तो अगदीच खोटा नसावा. कारण परवा डब्यातली चकली हळूच काढून मी खुर्चीत टेकतो न टेकतो, तोच आमच्या कन्येची हाक आली, "बाबा, लवकर या! माझे मांजर वेडे झाले आहे!"

वाचकहो, आमच्या घरी मांजर नाही. हे मांजर संगणकाच्या पडद्यावरचे. 'स्क्रॅच' नावाची मुलांसाठी केलेली एक संगणकभाषा आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत मिचेल रेझ्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली आणि २००७ साली सर्वांना फुकट खुली केली. तिच्यात रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडायचे, की पडद्यावरचे मांजर त्याबरहुकूम चालते. ही भाषा कीर्तनासारखी पूर्वरंगापासून उत्तररंगापर्यंत सलग जात नाही. ती नाटकासारखी आहे. पात्र विंगेत उभे असते आणि खूण मिळाली की प्रवेश करते. हिरव्या झेंड्यावर टिचकी मारली की एक प्रवेश, मांजरावर मारली की दुसरा, स्पेसची पट्टी दाबली की तिसरा. जाणकार याला 'इव्हेंट' म्हणतात. आपण 'प्रसंग' म्हणू.

कन्या सातवीत आहे. तिने शाळेच्या प्रदर्शनासाठी मांजराला रांगोळी काढायला लावले होते. झेंड्यावर लाल रांगोळी, मांजरावर पिवळी, पट्टीवर हिरवी. कृती सोपी : १५० पावले चाल, ९० अंश वळ, असे चारदा केले की चौकोन. मग ४५ अंश वळून पुन्हा चौकोन, असे आठदा केले की कमळासारखी आकृती. पण पडदा ४८० रुंद आणि ३६० उंच. रांगोळीची टोके बाहेर जाऊ लागली. म्हणून तिने १५० चे १०० केले. लाल ठीक, पिवळी ठीक. हिरवी मात्र पुन्हा पडद्याबाहेर!

कारण उघड होते. तिने तीच कृती तीन ठिकाणी उतरवली होती आणि दोनच ठिकाणी दुरुस्त केली होती. मी मास्तरी सुरात म्हणालो, "लक्ष कुठे असते तुझे?" कन्येच्या डोळ्यांत पाणी आले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, तिला नावे ठेवण्यापेक्षा त्या कृतीला एक नाव द्या की! दारावरची घंटा वाजली की मी तुम्हाला 'दोन कप चहा टाका' एवढेच म्हणते. आधण ठेवा, साखर घाला, हे रोज सांगत बसते का?"

सौभाग्यवतींनी संगणकशास्त्राचे एक प्रकरण एका वाक्यात संपवले होते. स्क्रॅचमध्ये ही सोय २०१३ साली, दुसऱ्या आवृत्तीबरोबर आली. स्वतःचा नवा ठोकळा करायचा, त्याला नाव द्यायचे आणि त्या नावाखाली कृती एकदाच लिहायची. कन्येने 'चौकोन काढ' असा ठोकळा केला. मग त्याच्याच आधाराने दुसरा, 'रांगोळी काढ'. आता तिन्ही प्रसंगांखाली रंग आणि हे दोनच शब्द उरले. कृती बदलायची तर एकाच जागी.

याचे मूळ जुने आहे. १९६७ साली सीमूर पॅपर्ट, वॉली फ्यूर्झाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी 'लोगो' ही भाषा केली. पुढे तिच्यात मांजराऐवजी कासव आले. कासवाला नवे काम शिकवताना आधी 'टू' लिहायचे : 'टू स्क्वेअर', म्हणजे 'चौकोन काढणे'. मराठीच्या मास्तराला याचा आनंद का होऊ नये? कासवाच्या भाषेत एका नव्या क्रियापदाची भर पडली! आपल्या पाणिनीनेही दुसरे काय केले? सगळे स्वर पुन्हा पुन्हा मोजण्याऐवजी 'अच्' म्हटले आणि सूत्रे आटोपशीर केली.

पण नुसत्या नावाने भागत नाही. चहा टाकायचा खरा, पण किती कप? म्हणून ठोकळ्यात एक रिकामी जागा ठेवता येते. कन्येने दोन ठेवल्या : 'बाजू' आणि 'कोन'. वळायचे किती, तर ३६० भागिले कोन. तीन घातले की त्रिकोण, सहा घातले की षट्कोन. कृती तीच, रांगोळी निराळी. आणखी एक गुण मला फार आवडला. चार वेळा ९० म्हणजे ३६०; चौकोन पुरा झाल्यावर मांजर निघाले त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून उभे. म्हणून तर पुढचा चौकोन बिनचूक पडतो. जाताना यजमानाचे घर होते तसे ठेवणाऱ्या पाहुण्यासारखी ही रीत! एक उणीवही आहे. मांजराने शिकलेला शब्द पडद्यावरच्या दुसऱ्या पात्राला आपोआप येत नाही. त्याला तो वेगळा द्यावा लागतो.

तिन्ही रांगोळ्या नीट उमटल्या आणि कन्या हसली. मी खुशीत येऊन म्हणालो, "पाहिलेस? एकदा नीट लिहावे आणि जन्मभर वापरावे. माझी टिपणे बघ, २००८ पासून तीच चालली आहेत!"

कन्येने माझ्याकडे पाहिले. "पण बाबा, तुमच्या टिपणांत रिकामी जागा कुठे आहे?"

चकली घशात अडकली. गेल्या सत्रात वर्गात घडलेला एक प्रसंग मी घरी सांगितला नव्हता. मी एक वाक्य अर्धे म्हटले आणि पहिल्या बाकावरच्या मुलीने उरलेले हलक्या आवाजात पुरे केले. तिच्यापुढे तिच्या थोरल्या बहिणीची वही होती. वर्ग हसला, मीही हसलो. पण त्या रात्री बराच वेळ झोप आली नाही. मुलगी उद्धट नव्हती. पुढचे वाक्य तिला आधीच ठाऊक होते, एवढेच. मी वर्षानुवर्षे एकाच मापाची रांगोळी काढीत होतो. समोरची मुले बदलत होती आणि त्यांच्यासाठी मी कुठे जागाच ठेवली नव्हती.

दिवाळीनंतर दुसरे सत्र सुरू होईल. काल रात्री मी टिपणांची पिवळी पाने बाहेर काढली. फाडली नाहीत; कृती काही वाईट नव्हती. फक्त प्रत्येक पानावर निम्मी उदाहरणे खोडली आणि तिथे कोरी जागा ठेवली. ती या वर्षीच्या मुलांनी भरायची आहे.

सौभाग्यवती डोकावून म्हणाल्या, "काय चालले आहे?"

मी म्हटले, "रांगोळी." आणि न सांगता चहा टाकायला उठलो. किती कप, ते मात्र आधी विचारून घेतले.