हेडलाइट गेला, म्हणून बाईने घरी बसायचं?

मैत्रिणींनो, रात्रीच्या रस्त्यावर आमचाही हक्क आहे, असं आपण मोर्चात ठणकावून सांगतो. ग्रामपंचायतीकडे खांबावरचे दिवे मागतो. ते मागायलाच हवेत. पण आमच्या नगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) मळ्यातल्या कितीतरी वस्त्यांच्या वाटेला खांबच नाहीत. तिथे बाईजवळ एकच दिवा असतो, तिच्या गाडीचा. तो गेला की ‘पोराला सवड झाली की नेईल गॅरेजला’ म्हणून गाडी उभी राहते. तोवर आशाताई कळा सुरू झालेल्या बाईकडे रात्री पोचत नाही. बचत गटाची बैठक दिवस मावळायच्या आत गुंडाळली जाते. आणि ‘रात्रीचं बाहेर पडणं बाईमाणसाचं काम नव्हे’ म्हणायला घरच्यांना आयतं निमित्त मिळतं. हे निमित्त पुष्कळदा एका सुटलेल्या तारेएवढं असतं!

नगरच्या कायनेटिक कारखान्यातली लूना देशभर गेली. वजनाला हलकी, गिअर नाही, म्हणून कितीतरी नोकरदार बाया तिच्यावर बसल्या. बाईला विकताना गाडी सोपी असते. दुरुस्त करतानाच ती अवघड कशी होते? एका गॅरेजात मी विचारलं, ‘नेमकं बिघडलंय काय?’ उत्तर आलं, ‘ताई, तुम्हाला नाही कळायचं, साहेबांना पाठवा.’ बिल मात्र माझ्याच हातात दिलं.

न कळण्यासारखं त्यात आहे काय? वीज बॅटरीतून, जुन्या गाडीत थेट इंजिनाच्या मॅग्नेटोतून निघते, स्विचमधून बल्बकडे जाते आणि अर्थच्या तारेने परत फिरते. या वाटेत कुठे खंड पडला, एवढंच शोधायचं. अपर लागतो, डिपर लागत नाही? बल्बातली एक तार जळली असेल, नाहीतर डिपरचा स्विच खराब. दिवा मिणमिणतो? अर्थ सैल आहे का, कनेक्टरवर हिरवट गंज चढलाय का, बघा. हँडल वळवलं की लुकलुकतो? हँडलच्या मानेपाशी तार आतून तुटत आलीय. हॉर्न, इंडिकेटर, सगळंच बंद? आधी फ्यूज पाहा. उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. त्याजागी तार गुंडाळू नका, आग लागते. नवा बल्बही लगेच उडतो? मग रेग्युलेटर. तो मिस्त्रीनेच बदलावा, पण काय बदलायचं ते आपण सांगावं.

बारा व्होल्टचा छोटा बल्ब आणि दोन तारा, झाला टेस्ट लॅम्प. इंजिन आणि दिव्याचा स्विच चालू ठेवून एक तार गाडीच्या उघड्या लोखंडाला, दुसरी बल्बच्या कनेक्टरला लावा. पेटला, तर वीज तिथवर येतेय. दोष बल्बात किंवा अर्थमध्ये. नाही पेटला, तर दोष मागे. एलईडीच्या गाडीत सुटा बल्ब बहुधा बदलता येत नाही, पण फ्यूज, स्विच, अर्थ तपासणं तेच. एप्रिल २०१७ पासून बनलेल्या दुचाकींचा दिवा इंजिन सुरू असेतो पेटलेलाच असतो. म्हणजे बिघाड दिवसाउजेडीच दिसतो. अंधाराची वाट पाहू नका.

काही कार्यकर्त्या विचारतात, ‘हुंडा, मारहाण एवढे प्रश्न असताना आपण बल्ब बदलायला शिकवायचं?’ होय, शिकवायचं! मार खाऊन मध्यरात्री घर सोडणारी बाई पोलीस ठाण्यापर्यंत कशाच्या उजेडात जाणार आहे? गाळपाच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यात उभ्या असतात. कडेच्या उसात बिबट्या असतो. तिथे हेडलाइट ही चैन नव्हे, जीव आहे.

बायकांचं प्रशिक्षण म्हटलं की सरकार शिलाई मशीन आणि पापड-लोणची पुढे करतं. निदान आपण तरी तेच नको. यापुढच्या प्रत्येक शिबिरात कायद्याच्या तासाला जोडून एक तास स्क्रू ड्रायव्हर, टेस्ट लॅम्प आणि अंगणात उभ्या असलेल्या गाडीचा ठेवा. आणि त्या तासाला गाडीला हात बायांनीच लावायचा, एवढा नियम पाळा.