वाळू आपली, पाणी कुणी द्यायचं?



टायटॅनियमचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं, "ते तर आपल्या रत्नागिरीच्या पुळणीतसुद्धा आहे!" खरंच आहे. काळबादेवी, मालगुंडच्या वाळूत इल्मेनाइट आहे, केरळात चवऱ्याला तर विपुल आहे. पण वाळू असणं म्हणजे विमानाचं इंजिन असणं नव्हे. कोयत्याचं लोखंड सगळीकडे सारखंच, धार टिकते ती लोहाराने दिलेल्या पाण्यामुळे. टायटॅनियमचंही तसंच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

शुद्ध टायटॅनियम १६६८ अंश सेल्सिअसला वितळतं. मग पाचशे-सहाशे अंशांचं काय मोठंसं, असं वाटेल. पण तेवढ्या उष्णतेत सतत ओढ बसली, तर धातू न वितळताही हळूहळू लांबत जातो. याला क्रीप म्हणतात. जेट इंजिनातल्या कॉम्प्रेसरची चकती मिनिटाला हजारो फेरे घेते. तिला असं लांबून कसं चालेल? सर्वात जास्त वापरला जाणारा मिश्रधातू (६ टक्के ॲल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियम) साधारण ४०० अंशांपुढे भरवशाचा राहत नाही. कथील, झिर्कोनियम आणि चिमूटभर सिलिकॉन वगैरे घातलेला ब्रिटिश 'आयएमआय ८३४' मात्र ६०० अंशांपर्यंत टिकतो.

पण हे झालं साहित्य. खरी कसोटी कृतीची. शुद्ध टायटॅनियमची आतली रचना ८८२ अंशांना बदलते. या मिश्रधातूंत तो उंबरठा हजार अंशांच्या आसपास असतो. उंबरठा ओलांडून तापवलं, की थंड होताना आत पापुद्रे तयार होतात. ते क्रीपला दाद देत नाहीत, पण वारंवार ताण बसला की तडा लवकर जातो. उंबरठ्याच्या बऱ्याच खाली घडवलं तर बारीक गोल कण मिळतात. तिथे तड्याची भीती कमी, क्रीपची जास्त. म्हणून 'आयएमआय ८३४' उंबरठ्याच्या किंचित खाली तापवतात, म्हणजे सुमारे १५ टक्के गोल कण शिल्लक राहतात. धातू तोच, फरक थोड्याशा अंशांचा!

इथे हयगय चालत नाही. १९८९ साली अमेरिकेत स्यू सिटीला विमान कोसळून ११२ माणसं गेली. इंजिनाच्या पंख्याची टायटॅनियमची चकती फुटली होती. चकती थंड भागातली, पण दोष धातू वितळवतानाच आत राहिलेला.

आता आपल्याकडचं. चवऱ्याला २०११ साली टायटॅनियम स्पंजचा कारखाना सुरू झाला. २०२१ साली हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने २००० टनी प्रेसवर कॉम्प्रेसरच्या पाचही टप्प्यांच्या चकत्या घडवल्याचं जाहीर झालं. त्यात साचाही जवळजवळ धातूइतकाच तापवतात, म्हणजे घडवताना धातू निवत नाही. माझ्या मते ही बातमी खाण सापडल्याच्या बातमीपेक्षा मोठी आहे.

काही जण म्हणतील, तयार चकत्या विकत घ्याव्यात. घ्या की! पण चकती विकणारा ती कशी तापवली ते सांगत नाही. ते आपलं आपणच, वर्षानुवर्षं चुकतमाकत शिकावं लागतं. त्यासाठी पैसा हवा, धीर हवा आणि भट्टीजवळ उभ्या राहणाऱ्या माणसाला मान हवा. शाळेत आपण मुलांकडून खनिजांचे नकाशे रंगवून घेतो. त्या नकाशात भट्ट्याही दाखवायला हव्यात.

असो. तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.