‘बसा’ म्हणणारीने कुठे बसावे?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कॉलेजला येण्यासाठी वनाजला मेट्रोत बसलो होतो. ६ मार्च २०२२ ला ही गाडी वनाज ते गरवारे कॉलेज अशी सुरू झाली, तेव्हा आम्ही सुतारदऱ्यातली पोरे ती नुसती बघायला गेलो होतो. आता तिचे अप्रूप राहिलेले नाही. आनंदनगरला एक वृद्ध बाई चढल्या. मी चटकन उठलो आणि म्हणालो, “आज्जी, बस की हितं.” बाई बसल्या. पण बसता बसता म्हणाल्या, “बाळ, अनोळखी माणसाला ‘बसा’ म्हणावं.” आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. माझे कान तापले.

आमच्या मुळशीकडे आजीला ‘तू’ म्हणतात. त्यात माया असते, अनादर नसतो. पण ते डब्यात कोणाला समजावून सांगणार? जागा मी दिली होती. शब्द चुकला म्हणून ते देणे अर्धेच ठरले!

हा प्रसंग मी वर्गात सांगितला, तेव्हा कोरियन मालिका बघून बघून ती भाषा शिकलेली आमची एक वर्गमैत्रीण म्हणाली, “तू कोरियात असतास तर याहून मोठी फजिती झाली असती!” तिने सांगितले ते ऐकण्यासारखे आहे. तिथे मित्राला ‘आंजा’ म्हणायचे, वडीलधाऱ्याला ‘आंजुसेयो’ आणि फारच अदब हवी तिथे ‘आंजुशिप्शियो’. म्हणजे आपले बस, बसा आणि बसावे! मान दाखवणारा ‘शि’ हा प्रत्यय क्रियापदातच जाऊन बसतो. वडीलधाऱ्यांना ‘तू’ तर नाहीच, पण आपल्या ‘तुम्ही’सारखे सर्वनामही सहसा लावत नाहीत, नात्याने नाहीतर हुद्द्याने हाक मारतात. सोलच्या भुयारी रेल्वेत डब्याच्या टोकाला वृद्ध आणि अशक्त माणसांसाठी आसने असतात. ती रिकामी असली तरी धडधाकट तरुण सहसा तिथे बसत नाही, उभा राहतो.

मी भारावून गेलो. काय ही संस्कृती, असे मनात म्हणत घरी गेलो. रात्री साडेनऊला अक्का कामावरून आली.

वाचकहो, माझी अक्का कोथरूडमधल्या एका कापडदुकानात विक्रेती आहे. दहावीनंतर तिने शाळा सोडली. माझी फी तिच्या पगारातून भरली जाते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. पण ती पायरी माझ्यासाठी कोणी बांधली, हे मला ठाऊक आहे. अक्का दिवसभर एकच वाक्य म्हणते : “बसा ताई, काय दाखवू?” तिचे ‘बसा’ अगदी शुद्ध आहे. त्या मेट्रोतल्या बाईंनीही शाबासकी द्यावी असे! मात्र सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत जेवणाची वेळ सोडली तर ती स्वतः एकदाही बसत नाही. दुकानात स्टुले आहेत, ती गिऱ्हाइकांसाठी. रात्री ती मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवून बसते, तेव्हा घोट्यांवरची सूज मला दिसते. मी काही म्हटले तर म्हणते, “सवय झाली रे.”

एकदा तिने स्टूल मागितले होते. उत्तर मिळाले, बसलेली विक्रेती गिऱ्हाइकाला आळशी दिसते. असे म्हणणारा माणूस दुष्ट नाही. दिवाळीला तो सगळ्या मुलींना साडी देतो. पण त्याच्या हिशोबात पाय येत नाहीत.

हे दुखणे एकट्या कोथरूडचे नाही. केरळात कालिकतला शिवणकाम करणाऱ्या विजी नावाच्या बाईंनी आणि त्यांच्या ‘पेनकूट्टु’ या स्त्रियांच्या संघटनेने दुकानांत बसण्याच्या हक्कासाठी काही वर्षे लढा दिला. २०१८ मध्ये तिथे कायद्यात दुरुस्ती झाली आणि दुकानातल्या नोकरांना बसायला जागा देणे मालकावर बंधनकारक झाले. २०२१ मध्ये तामिळनाडूनेही तसाच कायदा केला. आणि ज्या कोरियाच्या अदबीने मी भारावलो होतो, तिथेही २००८ मध्ये कामगार संघटनांना मोहीम काढावी लागली. मागणी काय? तर उभ्याने काम करणाऱ्या विक्रेत्या स्त्रियांना खुर्ची द्या! ज्या भाषेत ‘बसा’ म्हणण्याच्या इतक्या तऱ्हा आहेत, त्या देशातही विक्रेतीला खुर्ची मागावीच लागली.

यावरून शब्दांना किंमत नाही, असे मी म्हणणार नाही. त्या बाईंचे बरोबर होते. तेव्हापासून मी ‘बसा’च म्हणतो. पण नुसता शब्द ज्याला मिळतो त्याचे पाय दुखायचे थांबत नाहीत. आणि शब्द तरी आपण कोणाकोणाला देतो? गिऱ्हाइकाला, पाहुण्याला, साहेबाला. विक्रेतीला, दारावरच्या रखवालदाराला, आपल्याच स्नेहसंमेलनात तीन तास भिंतीला टेकून उभ्या राहणाऱ्या शिपाईमामांना ‘बसा’ म्हणालेला आपल्यापैकी कोणी मला तरी आठवत नाही. त्यात मीही आलो. एक सदरा घेण्यासाठी मी स्टुलावर बसून एका मुलीला वीस सदरे काढायला लावले आहेत.

गिऱ्हाइकाला आळशी दिसते, असे दुकानदार म्हणतो ना? मग गिऱ्हाईक तर आपणच आहोत! आपल्याला तसे दिसत नाही, हे आपणच त्याला सांगितले पाहिजे. एका स्टुलाला फार पैसे पडत नाहीत, आणि ते ठेवायला कायद्याची वाट बघायचे काही कारण नाही.

दिवाळीत मी एका दुकानात तसा प्रयत्न केला. समोरच्या मुलीला म्हणालो, “तुम्हीही बसा ना.” तिने आधी गल्ल्याकडे पाहिले, मग ओशाळून हसली आणि उभीच राहिली. या वेळी माझा शब्द चुकला नव्हता. तिच्याकडे बसायला काही नव्हते.

(द्वितीय वर्ष, कला)