घरचें विज्ञान : पहिला अ‍ॅम्प्लिफायर कोणता करावा?

एकत्र कुटुंबाच्या घरांत खोल्या थोड्या आणि कान पुष्कळ असतात. पहांटे वडील माणसांस भैरव ऐकावासा वाटतो, त्याच वेळीं परीक्षेच्या अभ्यासास बसलेला मुलगा शांततेसाठीं आर्जव करीत असतो, आणि पाळण्यांतलें मूल नुकतेंच झोपी गेलेलें असतें. या तिढ्यावर हेडफोन हा सोपा तोडगा निघाला व तो आतां घरोघर रूढही झाला आहे. त्याच्या मागोमाग तरुण मंडळींत एक छंद शिरलेला दिसतो. हेडफोनचा आवाज अधिक भरदार व्हावा म्हणून खिशांत मावणारा अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच्या हातानें तयार करावा, असें त्यांच्या मनांत येतें. हा छंद आम्हांस स्तुत्य वाटतो. मात्र पुरेसा विचार न करतां सामानाची खरेदी होते, आणि अर्धवट राहिलेलें सर्किट माळ्यावरच्या डब्यांत जाऊन पडतें. म्हणून पहिलें यंत्र कसें निवडावें, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सर्वांत आधीं, आपल्या हेडफोनला अ‍ॅम्प्लिफायरची गरज आहे काय, हें पाहिलें पाहिजे. हेडफोनच्या माहितीपत्रकांत दोन आंकडे दिलेले असतात. एक ओहममधील रोधाचा, व दुसरा संवेदनक्षमतेचा, म्हणजे दिलेल्या विजेंत तो किती मोठा आवाज काढतो याचा. येथें नळाचा दृष्टांत घ्यावा. जास्त ओहमचा हेडफोन म्हणजे अरुंद तोटी. तिला पाणी थोडें पुरतें, पण दाब चांगला लागतो. कमी ओहमचा आणि मंद संवेदनेचा हेडफोन म्हणजे रुंद तोटी; तेथें धार मोठी लागते. विजेच्या भाषेंत दाब म्हणजे व्होल्ट व धार म्हणजे अँपिअर. एक व्होल्ट दाबानें ३०० ओहमच्या हेडफोनमधून सुमारें ३ मिलिअँपिअर वाहतात, तर ३२ ओहमच्या हेडफोनमधून ३१.

कानांत बसणारे १६ ते ३२ ओहमचे संवेदनशील इअरफोन असतील, तर टेलिफोनचीच शक्ति त्यांस पुरते. मध्यें अ‍ॅम्प्लिफायर घातल्यास सूं सूं अशी पार्श्वभूमि मात्र वाढण्याचा संभव असतो. उलट १९९७ सालीं निघालेला सेनहायझरचा एचडी ६०० हा ३०० ओहमचा, किंवा बायरडायनॅमिकच्या डीटी ८८० चा ६०० ओहमचा प्रकार, यांस अधिक दाब मिळाला तर ते खुलतात. वाईट ध्वनिमुद्रण मात्र कोणत्याही अ‍ॅम्प्लिफायरनें चांगलें होत नाहीं.

गरज ठरली, तर निवड मुख्यतः दोन यंत्रांत करावयाची असते.

पहिलें यंत्र ‘सीमॉय’ या नांवानें ओळखलें जातें. अमेरिकेंतील चू मॉय यांनीं १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्याची रचना प्रसिद्ध केली, आणि पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबींत तें बसविण्याची चाल छंदिष्टांत पडली. त्यांत ओपीए २१३४ सारखी आठ पायांची एक आयसी, ९ व्होल्टची एक बॅटरी आणि विसाच्या आसपास किरकोळ भाग असतात. ध्वनीचा प्रवाह मागें-पुढें असा दोन्ही दिशांनीं वाहतो, म्हणून एका बॅटरीचे साडेचार-साडेचार व्होल्टचे दोन वांटे करावे लागतात. तें काम ४.७ किलोओहमचे दोन रेझिस्टर व २२० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर करतात. ही आयसी उगीच बसली असतांही सुमारें ८ मिलिअँपिअर घेते. तेव्हां चांगली अल्कलाइन बॅटरी हिशेबानें चाळीसेक तास पुरावी. मोठ्या आवाजांत त्याहून कमी.

दुसरें यंत्र ‘ऑब्जेक्टिव्ह टू’. टोपणनांवानें लिहिणाऱ्या एका जाणकारानें २०११ सालीं त्याची रचना मोजमापांसह सर्वांस खुली केली. त्यांत ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, मोठी धार देणाऱ्या निराळ्या आयसी असतात, आणि एखादी बॅटरी उतरली तर वीज आपोआप तोडणारी सोयही असते. मोजमापांत तें सीमॉयहून निश्चित सरस आहे. परंतु त्यांत भाग अनेक, किंमत अधिक, आणि आकार खिशापेक्षां पिशवीस शोभणारा. ज्यांत तांदुळाच्या कणीएवढे भाग डाखावे लागतात, अशाही रचना आहेत. त्या नवशिक्यानें तूर्त दूर ठेवाव्या.

आमचें मत असें कीं, पहिलें यंत्र तेंच निवडावें, ज्याच्या प्रत्येक भागाचें काम करणाऱ्यास तोंडानें सांगतां येईल. कारण पहिल्या प्रयत्नांत कांहींतरी चुकतेंच, आणि ज्यास भागांचें प्रयोजन ठाऊक आहे त्यासच चूक सांपडते. या कसोटीनें पाहतां नवशिक्यास सीमॉयच योग्य ठरतो. त्याचा हात बसल्यावर दुसऱ्याकडे वळावें. हेडफोनच रुंद तोटीचा असेल, तर मात्र सीमॉयची धार अपुरी पडते. अशानें जाणत्याच्या देखरेखीखालीं थेट ऑब्जेक्टिव्ह टू करावा. आणि ज्यास केवळ ऐकावयाचें आहे, त्यानें तयार यंत्र खुशाल विकत घ्यावें. घरीं केल्यानें तें स्वस्त पडेल, ही आशा बाळगूं नये. घरीं करण्याचा लाभ ज्ञानाचा आहे.

सीमॉयमध्यें एक बदल आम्ही आग्रहानें सुचवूं. मूळ रचनेंत १० व १ किलोओहमच्या रेझिस्टरांच्या जोडीनें आवाज अकरापट वाढतो. टेलिफोनमधून एक व्होल्ट आला, तर त्याचे अकरा व्होल्ट ९ व्होल्टच्या बॅटरींतून निघणार कोठून? आवाज फाटतो, आणि आवाजाचें बटण अगदीं आरंभींच्या कोपऱ्यांत ठेवावें लागतें, जेथें डाव्या-उजव्या कानांचा तोल बहुधा बिघडतो. १० च्या जागीं २ किलोओहमचा रेझिस्टर घातल्यास वाढ तिप्पट होते. आजच्या साधनांस तेवढी पुरेशी आहे.

सामान पुण्यास बुधवार पेठेंत किंवा मुंबईस लॅमिंग्टन रोडवर मिळतें. आयसी मात्र विश्वासाच्या दुकानांतूनच घ्यावी. स्वस्त मालावर भलतेंच नांव छापलेलें असूं शकतें. ती थेट न डाखतां सॉकेटमध्यें बसवावी, म्हणजे बदलणें सोपें जातें. पत्र्याची डबी वापरल्यास सर्किटखालीं जाड पुठ्ठा घालावा, आणि बॅटरीची कोणतीही उघडी तार डबीला लागणार नाहीं असें पाहावें. डाखाच्या तारेंत बहुधा शिसें असतें. म्हणून हें काम स्वयंपाकघरांत किंवा जेवणाच्या जागीं करूं नये, खिडकी उघडी ठेवावी, आणि उठतांना हात साबणानें धुवावे.

यंत्र पुरें झालें म्हणजे हेडफोन लावण्याची घाई होते, तीच घातक. आधीं मल्टीमीटरनें बाहेर पडणाऱ्या टोकांवरचा स्थिर दाब मोजावा. तो वीस मिलिव्होल्टच्या आंत असावा. तेथें एक-दोन व्होल्ट दिसले, तर बॅटरी काढून कच्चा राहिलेला डाख शोधावा. असा दाब हेडफोनची केसाएवढी बारीक तार जाळूं शकतो. पहिली चांचणी जुन्या, स्वस्त इअरफोनवर घ्यावी. आवाजाचें बटण शून्यावर आणून मगच तो कानाशीं न्यावा.

शेवटीं, ज्याच्यासाठीं हा सारा खटाटोप, त्या कानाविषयीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें ८० डेसिबलचा आवाज प्रौढानें आठवड्यांत ४० तासांपर्यंत ऐकावा. ९० डेसिबल झाला तर ४ तासच. म्हणजे आवाज थोडा वाढविला, तरी मुदत झपाट्यानें घटते. जो मुलगा स्वतः अ‍ॅम्प्लिफायर करतो, तो आपला आवाज कोणी मर्यादेंत ठेवील याची वाट पाहूं शकत नाहीं. ती मर्यादा दोन रेझिस्टरांच्या रूपानें त्यानेंच निवडलेली असते. म्हणून वडील मंडळींस आमची विनंती आहे कीं, त्यास या छंदापासून परावृत्त करूं नये. त्याच्या शेजारीं बसून ‘हा भाग कशासाठीं?’ एवढेंच विचारीत जावें. ज्या दिवशीं प्रत्येक भागाचें उत्तर त्याच्याकडून न अडखळतां येईल, त्या दिवशीं त्यास आपला आवडता हेडफोन निःशंकपणें वापरावयास द्यावा.