ठपका रेकॉर्डवर का?

अब्बांच्या कव्वालीच्या रेकॉर्ड भंगारात द्यायचं घरात जवळजवळ ठरलं होतं. टर्नटेबल लावलं की सतत घुं-घुं, आणि शेवटच्या गाण्यापर्यंत शब्द फाटलेले. मी उर्दू शिकवतो. 'ज' आणि 'ज़' मधला फरक मुलांना या रेकॉर्डवरून ऐकवावा, असं मनात होतं. नेमके 'स', 'श', 'ज़' हेच खरखरत होते. एका दुकानदाराने महागडी केबल सुचवली.

आज माझं मत पक्कं आहे : आधी मांडणी तपासा, मग खरेदी. रेकॉर्डला दोष सर्वांत शेवटी.

सुईकडून येणारा सिग्नल अवघा काही मिलिव्होल्टचा असतो. अ‍ॅम्प्लिफायर तो शेकडो पटींनी वाढवतो. शेजारून २३० व्होल्टची विजेची वायर जात असेल, तर तिचा ५० हर्ट्झचा गुंजारवही त्याबरोबर वाढतो. म्हणून दोन्ही वायरी लांब ठेवाव्यात. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. अर्थिंगची बारीक वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या स्क्रूला घट्ट बसलेली हवी. आमच्याकडे ती नुसती लोंबकळत होती!

फाटलेल्या शब्दांचं कारण वेगळं निघालं. रेकॉर्ड घासू नये म्हणून आम्ही सुईचा भार कमी ठेवला होता. हा मोठाच गैरसमज. भार कमी पडला की सुई खाचेत नीट न बसता उडते आणि खाच जास्त खराब करते. कंपनीने सांगितलेला भार, अनेक सुयांसाठी १.५ ते २ ग्रॅम, तेवढाच ठेवावा. सुईचा कोन चुकला तर लेबलजवळच्या गाण्यांत त्रास जास्त जाणवतो. टर्नटेबल सपाट, भक्कम जागी हवं आणि स्पीकर त्याच टेबलावर नकोत. त्यांची थरथर सुईपर्यंत पोहोचते.

तुटकी किंवा सैल केबल बदलावीच. झिजलेली खाच मात्र कशानेही परत येत नाही. पण आमच्या बहुतेक रेकॉर्ड झिजलेल्या नव्हत्याच. एक स्क्रू आवळला, भार नीट केला, वायर सरकवली. खर्च शून्य.

आपल्या अनेक घरांत बुजुर्गांच्या आवडीचा तलफ्फुज अशाच तबकड्यांत पडून आहे. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी अर्धा तास या कामाला द्या. आमच्याकडे आता 'ज़' स्वच्छ ऐकू येतो.